रेशनकार्डावरचा साहेब

२०२२च्या जूनमध्ये आमच्या शेजारच्या काकू लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला निघाल्या, तेव्हा त्यांची बॅग भरायला मी मदतीला होतो. म्हणजे बॅगेवर बसायला. डिंकाचे लाडू, आळीव, सुंठ, मेतकूट, बाळाच्या दुपट्यांचा गठ्ठा असं सगळं आत गेल्यावर उरलेल्या फटीत काकूंनी तीन छत्र्या कोंबल्या. एक त्यांची, एक काकांची आणि एक जास्तीची. तिकडं बाराही महिने पाऊस असतो ना! मी म्हटलं, "काकू, आपल्या पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लंडनमध्ये सहाशेच्या आसपास." काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझे आकडे तुझ्यापाशी ठेव, मला ती कोपऱ्यातली चेन लावून दे."

काकूंचं अगदीच चुकलं होतं असं नाही. नुसत्या आकड्यांत लंडनपेक्षा रोममध्ये जास्त पाऊस पडतो आणि न्यूयॉर्कमध्ये तर जवळजवळ दुप्पट. पण पुण्याचा पाऊस चार महिन्यांत येऊन, धो धो कोसळून मोकळा होतो. लंडनचा त्याहून कमी पाऊस वर्षभर पुरवून पुरवून पडतो. त्याला बुरबुर म्हणायचं की दव, हा प्रश्न पडावा असा. शिवाय हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार. त्यामुळे मोजपात्रात पाणी कमी आणि माणसाच्या मनात ढग जास्त, असा प्रकार होतो. खरा पाऊस बघायचा तर इंग्लंडच्या वायव्येला लेक डिस्ट्रिक्टमध्ये जावं. तिथल्या सीथवेट नावाच्या वस्तीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण लेक डिस्ट्रिक्टवरून कुणी ब्रिटनचं चित्र रंगवत नाही.

ब्रिटनचं चित्र लंडनवरून रंगवलं गेलं, आणि त्या चित्रात पावसाइतकंच धुकंही आहे. गॅसचे दिवे, घोडागाडी, वर केलेली कॉलर आणि दोन हातांवरचं दिसू नये असं पिवळट धुकं. हे धुकं खरं होतं, पण त्यातला बराच भाग घराघरांतल्या शेगड्यांत जळणाऱ्या दगडी कोळशाचा होता. चित्रकार क्लोद मोने १८९९ ते १९०१ या काळात मुद्दाम ते रंगवायला फ्रान्सहून लंडनला येत असे. पुढे डिसेंबर १९५२मध्ये पाच दिवस हे धुरकं शहरावर असं बसलं की बसच्या पुढे माणसाला कंदील घेऊन चालावं लागलं. निदान चार हजार माणसं दगावली. नंतरच्या काही अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला, कोळशाच्या शेगड्या हळूहळू विझल्या आणि ते धुकं संपलं. संपलं म्हणजे लंडनमधलं संपलं. आपल्या डोक्यातलं अजून तसंच आहे.

परक्यांच्या मनात ब्रिटिशांविषयी ज्या समजुती असतात त्यांचं बरंचसं असंच आहे. त्या खोट्या म्हणण्यापेक्षा शिळ्या आहेत. प्रत्येक समजुतीच्या मागे कुठंतरी एक तारीख असते. ती तारीख शोधायला लागलं की एक गंमत दिसते: खराब जेवण, वाईट दात, शिस्तीची रांग यांतल्या बऱ्याच गोष्टींचा माग १९४० ते १९५४ या चौदा वर्षांपाशी जातो. ही ब्रिटनमधली रेशनिंगची वर्षं.

जेवणापासूनच सुरुवात करू. जुलै २००५मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष जाक शिराक हे पुतीन आणि जर्मनीचे चॅन्सेलर श्रोडर यांच्याबरोबर बसले असताना ब्रिटिशांच्या स्वयंपाकावर घसरले. इतकं वाईट रांधणाऱ्या लोकांवर विश्वास कसा ठेवायचा आणि फिनलंड सोडलं तर इतकं वाईट अन्न कुठं मिळत नाही, अशा आशयाचं ते बोलल्याचं एका फ्रेंच वर्तमानपत्रानं छापलं. दोनच दिवसांनी सिंगापूरमध्ये २०१२च्या ऑलिंपिकसाठी मतदान होतं. पॅरिस सगळ्यांत पुढे मानलं जात होतं, पण लंडननं ५४ विरुद्ध ५० मतांनी बाजी मारली. त्यात फिनलंडचा हात होता की नव्हता, यावर लंडनमध्ये बरेच विनोद झाले.

शिराक यांची चेष्टा नवी नव्हती, पण फारशी जुनीही नव्हती. अठराव्या शतकात फ्रेंच लोक इंग्रजांना 'रोसबिफ' म्हणू लागले, म्हणजे भाजलेलं गोमांस खाणारे. त्यात हेटाळणी होती, पण 'ह्यांना खायला मिळत नाही' असा अर्थ कुणी काढला नसता. उलट इंग्रजांच्या पोटभर मांस खाण्याचं परदेशी पाहुण्यांना अप्रूप असे. मग बिघडलं कुठं? आधी बिघडलं ते कारखान्यांमुळे. १८५१च्या जनगणनेत ब्रिटनमधली निम्म्याहून जास्त माणसं शहरात राहणारी निघाली. इतक्या लवकर गाव सुटलेला देश दुसरा नव्हता. परसातला भाजीपाला गेला, आजीची चूल गेली, डबाबंद आणि साखरेचं स्वस्त खाणं आलं. आणि त्यावर कळस चढवला युद्धानं.

८ जानेवारी १९४० रोजी लोणी, साखर आणि खारवलेलं डुकराचं मांस रेशनवर आलं. पुढे मांस, चीज, चहा, गोळ्या-चॉकलेट असं एकेक करत बरंच काही. चहा माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम. अंडं आठवड्याला एक, तेही मिळालं तर. अंड्याची भुकटी मिळे, तिचंच आम्लेट करायचं. युद्धात पाव रेशनवर नव्हता. तो युद्ध जिंकल्यावर, १९४६मध्ये आला. शेवटी ४ जुलै १९५४ला मांस मोकळं झालं आणि लोकांनी रेशनची पुस्तकं फाडून टाकली. तोवर एक अख्खी पिढी लसूण, ताजं लिंबू, ऑलिव्ह तेल यांच्याशिवाय रांधायला शिकली होती. ऑलिव्ह तेल तेव्हा औषधांच्या दुकानात मिळे, कानात घालायला.

आणि नेमक्या याच काळात ब्रिटनमध्ये अमेरिकी सैनिकांचा पूर आला. नॉर्मंडीवरच्या स्वारीच्या सुमारास ते पंधरा लाखांच्या घरात होते. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या युद्धखात्यानं १९४२मध्ये एक छोटी पुस्तिका काढली. परदेशी माणसानं ब्रिटिशांविषयी लिहिलेल्या मजकुरात मला ही पुस्तिका सगळ्यांत समंजस वाटते. तीत पोरांना सांगितलंय: घरांचे रंग उडालेले दिसतील, कारण रंगाच्या कारखान्यांत आता विमानं होतात. कुणी जेवायला बोलावलं तर बेतानं खा, तुमच्या ताटात त्या कुटुंबाचं आठवड्याचं रेशन असू शकतं. लोक गाडीत तुमच्याशी बोलले नाहीत तर तो उद्धटपणा समजू नका. फुशारकी मारू नका, राजाविषयी वाकडं बोलू नका. यजमानाची अडचण ओळखून ताटातलं मागे ठेवणं ही आपल्याकडच्या कुठल्याही आजीनं शिकवलेली रीत, ती तिथं सरकारी हुकमानं छापावी लागली. पुस्तिका पोरांनी वाचली असेल किंवा नसेल, पण उकडलेला कोबी आणि भुकटीचं आम्लेट मात्र त्यांनी लक्षात ठेवलं. घरी जाऊन त्यांनी जो ब्रिटन सांगितला तो रेशनकार्डावरचा होता. आपल्याकडे रेशनकार्डावरचा फोटो कुणी माणसाचा खरा चेहरा धरत नाही. ब्रिटिशांचा मात्र तोच फोटो जगभर लागला.

आज लंडनमध्ये वाईट खायचं म्हटलं तर पैसे जास्त मोजावे लागतात. परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी २००१मध्ये चिकन टिक्का मसाल्याला खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटलं, त्याचा आपल्याकडे फार गवगवा झाला. पण 'इंडियन' पाटी लावलेली तिथली बहुतेक हॉटेलं सिल्हेटहून आलेल्या बांगलादेशींची असतात, हे सांगितलं की आपल्याकडचे लोक जरा गप्प होतात. लंडनमधलं पहिलं भारतीय हॉटेल काढलं तेही बिहारच्या माणसानं, शेख दीन मुहम्मदनं, १८१०मध्ये. ते फार चाललं नाही. तो नंतर ब्रायटनला गेला आणि लोकांना चंपी करून देऊ लागला. त्यात मात्र त्यानं नाव काढलं.

दातांची गोष्ट याहून करुण आहे. अमेरिकी विनोदात ब्रिटिश माणूस आला की त्याचे दात वेडेवाकडे असायचेच. १९९७च्या ऑस्टिन पॉवर्स चित्रपटानं त्यावर भरपूर कमाई केली. मूळ असं की एकेकाळी तिथल्या गरिबांत दात हा दुखण्याचा आणि खर्चाचा मामला समजला जाई. म्हणून वयात आल्यावर सगळे काढून कवळी बसवणं लोकांना शहाणपणाचं वाटे. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये काही ठिकाणी तर लग्न ठरलेल्या मुलीला घरचे भेट म्हणून सगळे दात काढवून कवळी करून देत, म्हणजे पुढे नवऱ्याला दातांच्या डॉक्टरचं बिल नको. ५ जुलै १९४८ला मोफत सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा कवळ्यांसाठी इतकी झुंबड उडाली की तिजोरी हलली. १९५१मध्ये सरकारनं कवळ्या आणि चष्म्यांवर आकार लावायचं ठरवल्यावर ती योजना उभी करणारे मंत्री अन्युरिन बेव्हन यांनी राजीनामा फेकला. एका देशाचं मंत्रिमंडळ कवळीवरून हललं, असं उदाहरण दुसरं मला ठाऊक नाही. १९६८च्या पाहणीत इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. २००९मध्ये इंग्लंडमध्ये हे प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. आणि २०१५मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इंग्लंड आणि अमेरिकेतल्या दातांची तुलना छापून आली, तेव्हा पडलेले दात सरासरीनं अमेरिकनांचेच थोडे जास्त निघाले: त्यांचे ७.३१, इंग्रजांचे ६.९७. अमेरिकनांचे दात पांढरे आणि एका ओळीत असतात, हे खरं. पण ओळ वेगळी आणि तब्येत वेगळी.

ओळीवरून रांगेकडे येऊ. आपल्याकडे बसथांब्यावर 'रांगेचा फायदा सर्वांना' असं लिहावं लागतं, आणि त्या पाटीखालीच गर्दी होते. ब्रिटिश मात्र जन्मजात रांगेत उभे राहतात, असं आपण समजतो. ही समजूत लोकप्रिय करणारा माणूस इंग्रज नव्हता, हंगेरियन होता. जॉर्ज मिकेश हा बुडापेस्टचा पत्रकार १९३८मध्ये लंडनला आला आणि तिथेच राहिला. १९४६मध्ये त्यानं परक्यानं इंग्लंडात कसं वागावं यावर एक चिमुकलं विनोदी पुस्तक काढलं आणि त्यात इंग्रजांच्या रांगवेडाची टोपी उडवली. १९४६ म्हणजे पावासाठी, माशासाठी, कोळशासाठी रांगा लागण्याचा काळ. त्या रांगांत भांडणं होत, शिव्या होत, पोलीस बोलवावे लागत. पण पुस्तक इंग्रजांना इतकं आवडलं की त्यांनी ते चित्र स्वतःचं म्हणून मिरवायला सुरुवात केली. परक्यानं काढलेलं व्यंगचित्र घरात फ्रेम करून लावावं, तसं.

मिरवता मिरवता ते अंगी बाणलं, हेही मान्य केलं पाहिजे. केट फॉक्स या मानववंशशास्त्राच्या अभ्यासिकेनं आपल्याच लोकांवर प्रयोग केले. रस्त्यात मुद्दाम लोकांना धडकायचं आणि 'सॉरी' कोण म्हणतं ते मोजायचं. धक्का तिनं दिलेला, पण बहुतेक वेळा सॉरी समोरचाच म्हणे. रांग मोडण्याचा प्रयोग तिला इतका जड गेला की धीर यावा म्हणून सकाळीच ब्रँडी घ्यावी लागली. पबमध्ये तर रांग दिसतही नाही. लोक काउंटरला कोपर टेकून आडवे पसरलेले असतात, कुणीही कुठूनही आलेला. नवखा भारतीय खूष होतो, आपल्यासारखंच आहे म्हणतो, नोट हलवून "एक्स्क्यूज मी" करतो आणि त्याला सगळ्यांत शेवटी मिळतं. कारण कोण कुणानंतर आलं हे प्रत्येकाच्या डोक्यात नोंदलेलं असतं. काउंटरमागचा माणूस भुवई उचलतो, तेव्हा ज्याची पाळी नाही तो शेजाऱ्याकडे मान वळवतो: आधी हे. इतकाच व्यवहार, आवाज नाही. सप्टेंबर २०२२मध्ये राणी एलिझाबेथचं अंत्यदर्शन घ्यायला थेम्सच्या काठानं कित्येक मैलांची रांग लागली. सुमारे अडीच लाख माणसं त्यातून गेली, काही जण वीस-वीस तास उभे होते. हातात नंबराचे पट्टे होते, रांगेचं शेपूट कुठं आहे ते इंटरनेटवर दिसत होतं, आणि डेव्हिड बेकहॅम बारा तासांहून जास्त वेळ त्यात उभा राहिला. दर्शनाइतकीच चर्चा रांगेची झाली.

चहाचा धागा मात्र आपल्या मुंबईला बांधलेला आहे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन १६६२मध्ये दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली, तेव्हा तिच्या हुंड्यात मुंबई होती, हे आपण शाळेत शिकतो. १६६८मध्ये चार्ल्सनं ती बेटं वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. शाळेत शिकवत नाहीत ते हे, की त्याच राणीनं चहाचा शौकही बरोबर नेला. चहा लंडनात तिच्या आधी विकला जात होता, पण दरबारात तो रुजवला तिनं. तरी तो गरिबाच्या घरात पोचायला शंभर वर्षं लागली, कारण कर. १७८४मध्ये चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला, तेव्हा चोरटा चहा बुडाला आणि खरा चहा घरोघरी उकळला. त्याआधी चहाचे शत्रूही होते. जोनास हॅनवे नावाच्या सद्‌गृहस्थानं १७५६च्या सुमारास चहानं राष्ट्राचा नाश होतो असा निबंध लिहिला आणि शब्दकोशकार डॉक्टर जॉन्सननं, जो किटल्याच्या किटल्या रिचवायचा, त्याला छापील फटकावलं. हा हॅनवे दुसऱ्याच कारणासाठी अजरामर झाला. लंडनच्या रस्त्यावर छत्री घेऊन हिंडणारा पहिला पुरुष म्हणून. लोक त्याला हसत, फ्रेंच बायकांची फॅशन म्हणत. गाडीवाले चिडत, कारण पावसात छत्री म्हणजे त्यांच्या भाड्यावर पाणी. थोडक्यात, छत्री आणि चहा ही ब्रिटिशांची जगप्रसिद्ध जोडी, आणि तिच्यातल्या पहिल्या छत्रीवाल्याला चहाच चालत नव्हता.

चहाची समजूत शिळी नाही, हे वीजमंडळवाले छातीठोक सांगतील. ४ जुलै १९९०ला फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टींवर हरला. शेवटचा फटका वाया गेला आणि देशभरातली माणसं सोफ्यावरून उठून स्वयंपाकघरात गेली. दुःखात माणूस काय करणार, विजेच्या किटलीचं बटण दाबणार. मागणी काही क्षणांत २,८०० मेगावॅटनं उसळली. आपलं अख्खं कोयना १,९६० मेगावॅटचं आहे, यावरून अंदाज यावा. असे झटके सोसायला वेल्समध्ये डिनॉर्विगला डोंगराच्या पोटात एक केंद्र १९८४पासून चालू आहे. तंत्र आपल्या घाटघरसारखंच, उदंचनाचं: रात्री स्वस्त विजेवर खालच्या तलावातलं पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि हाक आली की सोडायचं. टर्बाइनं आधीच रिकामी फिरत ठेवलेली असली तर काही सेकंदांत हजार मेगावॅटच्या वर वीज तयार. म्हणून ग्रिडचे अभियंते सामन्यांच्या आणि मालिकांच्या वेळा लक्षात ठेवत. मालिका संपून नावांची पट्टी वर सरकू लागली की वरच्या तलावाचं पाणी सुटायचं. आता लोक आपापल्या फोनवर आपापल्या वेळी बघतात, त्यामुळे हा झटका पूर्वीसारखा बसत नाही.

राहता राहिला भावना न दाखवणारा इंग्रज. आपल्या मराठी मनातला साहेब तो हाच: हॅट, पाइप, ओठांची रेघ सरळ. पण एरास्मस हा डच विद्वान १४९९मध्ये इंग्लंडला गेला, तेव्हा मित्राला पत्रात लिहितो की इथं पाहुणा आला की मुके, निघाला की मुके, वाटेत भेटला तरी मुके. १७९१मध्ये एडमंड बर्क या खासदारानं भर संसदेत मैत्री तोडली म्हणून दुसरा खासदार चार्ल्स फॉक्स सगळ्यांदेखत रडला. वरचा ओठ ताठ ठेवण्याचा तो प्रसिद्ध इंग्रजी वाक्प्रचारसुद्धा छापात आधी अमेरिकेत सापडतो. ओठ ताठ झाला तो एकोणिसाव्या शतकात, सात-आठ वर्षांच्या पोराला घरापासून लांब वसतिगृहात घालणाऱ्या शाळांत. साम्राज्याला असेच अधिकारी हवे होते. कंपनीचे मुलकी अधिकारी १८०६ ते १८५८ या काळात ज्या हेलीबरीच्या कॉलेजात तयार होत, तिथून निघालेला मुलगा पुढे एखाद्या जिल्ह्याचा मायबाप व्हायचा. आपण पाहिला तो हा साचा. त्याच्याआधीचे कंपनीवाले, पैसे उधळणारे, दंगेखोर, लंडनमध्ये 'नबाब' म्हणून हिणवले जाणारे, ते आपल्या आठवणीतून गेले. स्पेनच्या किनाऱ्यावरच्या वेटरला विचाराल तर त्याचा ब्रिटिश म्हणजे उन्हानं लाल झालेला, पहाटे तीनला गाणारा माणूस. त्याला तुमचा साहेब सांगितला तर तो हसेल.

कमी बोलण्याची कला मात्र अजून शाबूत आहे. २४ जून १९८२ला लंडनहून मुंबईमार्गे ऑकलंडला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट जावा बेटावर असताना गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. विमानात २६३ माणसं. कॅप्टन एरिक मूडींनी घोषणा केली, तिचा मतलब असा की एक छोटीशी अडचण आहे, चारही इंजिनं थांबली आहेत, ती चालू करायची आम्ही शिकस्त करतोय, आपण फार चिंतेत नसाल अशी आशा आहे. विमान तेरा-चौदा मिनिटं तरंगत खाली येत राहिलं, मग इंजिनं धरली आणि सगळे जकार्त्याला सुखरूप उतरले. अमेरिकी माणसाला ही घोषणा अजब वाटते. पुणेकराला वाटू नये. ज्या गावात उत्तम श्रीखंडाला "बरं झालंय" म्हणतात आणि घरातल्या मुलाला पहिला नंबर आल्यावर "ठीक आहे" म्हणतात, तिथं मूडी खपून गेले असते.

काकूंच्या नातवाचा जन्म जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झाला. १९ जुलै २०२२ला ब्रिटनच्या नोंदींत तापमान पहिल्यांदाच चाळीस अंशांच्या पुढे गेलं. लिंकनशायरमध्ये ४०.३, हीथ्रोला ४०.२. आदल्या दिवशी ल्यूटनच्या धावपट्टीचा पृष्ठभाग उन्हानं खराब झाला होता. घरं थंडी आत येऊ नये म्हणून बांधलेली, पंख्याला छतात हुक नाही. काकूंनी बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीला ओली चादर लावली, पुण्यात वैशाखात लावतात तशी. काका टेबलफॅन आणायला गेले आणि दीड तास रांगेत उभे राहिले. डोक्यावर छत्री धरून.